फुंकरचा वस्तरा

कारखान्यात त्याला सगळे फुंकर म्हणत. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. ह्याचं तोंड कधी पोळलंच नव्हतं, तरी हा पाणीसुद्धा फुंकून प्यायचा. बाहेर जाताना कुलूप लावायचा, दोन्ही हातांनी ओढून बघायचा, जिना उतरायचा, अर्ध्यावरून परत वर जायचा आणि पुन्हा ओढायचा. बायको खाली उभी राहून म्हणायची, "एवढं ओढताय तर हातातच घेऊन या ना ते."

असा माणूस पोटासाठी काय करत असेल? कुणालाही वाटेल, कुठंतरी टेबलामागं बसून शिक्के मारत असेल. तर नाही. फुंकर रंगाच्या कारखान्यात टाक्या साफ करायचा. घराएवढ्या उंच लोखंडी टाक्या, वर माणूस जेमतेम मावेल एवढं तोंड, आत शिडी, आणि तळाशी जमलेला राळेसारखा चिकट गाळ. त्या गाळाची वाफ अशी, की दोन श्वास घेतले की डोकं गरगरतं आणि पाचवा घ्यायला माणूस शुद्धीवर राहत नाही. म्हणून चेहरा झाकणारा रबरी मास्क, मागं हवेची नळी, कमरेला दोर. एक माणूस आत, एक तोंडाशी दोर धरून. चौदा वर्षं फुंकर हे काम करत होता आणि चौदा वर्षांत त्याला कधी खरचटलंही नव्हतं. सुपरवायझर म्हणायचा, "टाकीत भित्राच माणूस उतरवावा. शूर उतरला की त्याला वर आणायला मला आणखी दोघं लागतात."

मास्कचं गणित साधं होतं. रबराची कड जबड्याला चिकटून बसली तर बाहेरची वाफ आत येत नाही. मधे दाढीचे खुंट आले की कड उचलली जाते. म्हणून टाकीत उतरणाऱ्यानं रोज सकाळी गुळगुळीत दाढी करूनच यायचं, असा नियम होता. आणि फुंकरचं सगळं आयुष्य ह्या एका नियमापाशी येऊन अडलं.

कारण त्याची दाढी. एकेक केस तारेसारखा राठ आणि वर कुरळा. बाजारातल्या तीन पात्यांच्या रेझरनं दाढी केली की केस कातडीच्या आत कापले जायचे आणि बाहेर यायची वाट न सापडून आतल्या आत वळायचे. मग जबड्यावर लाल पुटकुळ्या. दुसऱ्या दिवशी त्याच पुटकुळ्यांवरून पुन्हा रेझर. वर तासन्‌तास घट्ट रबर. चेहरा असा झाला की बायको हात लावायलाही कचरायची. कातडीच्या डॉक्टरांनी भिंगातून पाहिलं आणि म्हणाले, "दाढी वाढवा."

"ते जमायचं नाही, डॉक्टर."

"मग एकाच पात्यानं करा, केसांच्या दिशेनं. उलटा हात फिरवायचा नाही."

तेव्हापासून तो न्हावीकाकांकडे जायला लागला. काकांचं दुकान गल्लीच्या तोंडाशी, सायकल दुरुस्तीच्या दुकानाला लागून. एक खुर्ची, एक आरसा, आणि खुर्चीच्या हाताला टांगलेला चामड्याचा पट्टा. गावभरच्या न्हाव्यांनी ब्लेड बदलायचे वस्तरे घेऊन जमाना झाला, पण काका अजून जुना, अखंड पोलादी पात्याचा वस्तरा पट्ट्यावर घासून वापरायचे. पहाटे सहाला दुकान उघडायचे. साडेसहाला फुंकर बाहेर, सातला कारखान्याच्या फाटकात. दीड वर्ष हे चाललं. पुटकुळ्या गेल्या, डाग गेले, आणि बायकोनं एकदा चहा देता देता सहज त्याच्या गालावरून बोटं फिरवली, त्या दिवशी त्यानं चहा फुंकला नाही.

मग एका गुरुवारी काकांनी त्याच्या कानाच्या पाळीला साबण लावला.

"काका, कान आहे तो."

काका थबकले. ब्रश खाली ठेवला. म्हणाले, "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. गेल्या महिन्यापासून मी अंदाजानंच करतोय."

फुंकर खुर्चीत ताठ झाला. महिनाभर आपण एका डोळ्यांनी दिसत नसलेल्या माणसापुढं रोज गळा ताणून बसत होतो, ह्या विचारानं त्यानं गळ्याभोवतीचा टॉवेल वर ओढून घेतला. केसानं गळा कापणारी माणसं त्यानं पाहिली होती. काकांनी वस्तऱ्यानंही कापला नव्हता, हे त्याला फार नंतर सुचलं.

"सोमवारी एका डोळ्याचं ऑपरेशन," काका म्हणाले. "मग दुसऱ्याचं. तीन महिने तरी दुकान बंद. पुढं उघडेन की नाही, सांगता येत नाही."

"मग मी काय करू?"

"शिक."

"कोण, मी?"

"नाहीतर काय तुझी सासू?"

दुसरा न्हावी शोधून झाला. जवळची सगळी सलूनं दहाला उघडत. फुंकरनं एका सलूनवाल्याला सहाला याल का असं विचारलं, तर त्यानं नुसतं वर पाहिलं आणि पुन्हा मोबाईलमध्ये डोकं घातलं. शेवटी शुक्रवारी पहाटे फुंकर दुकानात जाऊन उभा राहिला, शाळेच्या पहिल्या दिवसासारखा, हात मागं बांधून.

पहिल्या दिवशी काकांनी त्याला वस्तरा चेहऱ्याजवळ आणूच दिला नाही. फक्त पट्टा. पट्ट्याचं एक टोक खुंटीला, दुसरं डाव्या हातात ताणून धरायचं. पातं सपाट टेकवायचं, पाठ पुढं, धार मागं, आणि ओढायचं. टोकाला आलं की धारेवरून नाही, पाठीवरून पालटायचं आणि परत.

"धार पुढं गेली की पट्टा कापलास," काका म्हणाले.

हे त्यांनी सांगितलं आणि फुंकरच्या डोक्यात दुसरं काही राहिलंच नाही. सातव्या खेपेला त्यानं धार पुढं घातली. चामड्यावर बोटभर चीर पडली. तो पांढराफटक पडला. काकांनी चिरेवरून अंगठा फिरवला.

"तीस वर्षांचा पट्टा आहे."

"काका, मी भरून देतो..."

"भरून काय देतोस? चल, परत घास. आता कापायची भीती गेली की नाही? कापून झालंय."

भीती गेली नव्हती. पण हात चालायला लागला.

शनिवारी फुगा. काकांनी फुगा फुगवला, त्याला साबण फासला आणि तो वस्तऱ्यानं पुसून काढायला सांगितलं. पातं असं टेकवायचं, की त्याची पाठ आणि फुगा ह्यांच्या मधे दोन नाणी मावतील, जास्त नाही. फुंकरनं डोळे बारीक केले, खांदे कानापर्यंत नेले आणि पातं टेकवण्याआधीच फुगा फुटल्यासारखा दचकला. चार फुगे खरोखर फुटले. शेजारचा सायकलवाला येऊन विचारून गेला, वाढदिवस कुणाचा आहे. पाचवा फुगा स्वच्छ निघाला.

रविवारी काका स्वतः खुर्चीत बसले. गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला आणि म्हणाले, "कर."

"कुणाची?"

"माझी. उद्या ऑपरेशनला जायचंय, दाढी वाढलेली नको."

"काका, नको. मला जमणार नाही. तुम्हाला काही झालं तर..."

"मला तर दिसतही नाही तू काय करतोयस ते. घाबरायचं तर मी घाबरायला पाहिजे. टॉवेल घे."

फुंकरनं गरम पाण्यात टॉवेल बुडवून पिळला आणि काकांच्या तोंडावर ठेवला. सांगितलं होतं तेवढा वेळ, मनात आकडे मोजत. ब्रशनं फेस केला, गोल गोल फिरवून केसांच्या मुळाशी मुरवला. मग वस्तरा उघडला. तीन बोटं पात्याच्या दांड्यावर, करंगळी शेपटीवर. डाव्या हातानं कानापाशी कातडी वर ताणली. काकांचे पांढरट डोळे छताकडे लागले होते आणि गळ्यावरचा कंठमणी सावकाश खालीवर होत होता. फुंकरला वाटलं, आपण चौदा वर्षं टाकीत उतरलो ते ह्यापेक्षा सोपं होतं.

त्यानं पातं टेकवलं आणि ओढलं. करकर आवाज झाला. गालावर बोटभर रुंद पट्टा स्वच्छ निघाला.

"घट्ट धरतोस," काका ओठ न हलवता म्हणाले. "कुऱ्हाड नाही ती. जपतोयस की आखडतोयस?"

"जपतोय."

"नाही. जपणारा हात हलका असतो."

दोन्ही गाल झाले. हनुवटी काकांनी करू दिली नाही. ती त्यांनी स्वतः, आरशाकडे न बघता, बोटांनी चाचपत चार हातांत उरकली. मग वस्तरा पुसला, मिटला आणि फुंकरच्या हातात ठेवला. "घेऊन जा. पट्टाही ने, तसाही तू तो कापलाच आहेस. पहिला आठवडा फक्त गाल. बाकी तुझ्या त्या रेझरनं. हनुवटी आणि गळा नंतर. ऐकतोयस ना?"

घरी बायकोनं वस्तरा पाहिला आणि दोन पावलं मागं सरकली. "हे घरात?"

"दाढीला आहे."

"ते कळलं मला. पण कुणाच्या?"

सोमवारी पहाटे तो बाथरूममध्ये गेला. आरसा लहान, वरच्या बल्बचा उजेड हनुवटीखाली पोचत नाही, म्हणून हातात धरायचा दिवा नळाला दोरीनं बांधला. बायको दाराबाहेर उभी राहिली. आतून आवाज आला नाही की दर मिनिटाला विचारायची, "अहो, आहात ना?"

"आहे."

"बोलत राहा ना थोडं."

"बोललो तर गाल हलतो."

गाल जमले. मंगळवारीही जमले, बुधवारीही. कातडी थोडी लाल व्हायची, पण पाण्यानं आणि तुरटीनं निवायची. रोज बाथरूममधून बाहेर येईपर्यंत मात्र त्याचा बनियन पाठीला चिकटलेला असायचा. वस्तरा उघडण्याआधी हातांची बोटं गार पडायची, ती गरम पाण्यात धरून ठेवावी लागायची. कामाला जाताना वाटेत त्याला आठवत राहायचं, की उद्या परत हेच आहे.

गुरुवारी त्यानं ठरवलं, आज जबड्याखाली. आठवडा झाला नव्हता. पण रेझर ज्या भागावरून फिरत होता, तिथंच नेमक्या पुटकुळ्या परतल्या होत्या आणि तिथूनच मास्कची कड जात होती. त्यानं मान मागं टाकली, कातडी ताणली, पातं टेकवलं, श्वास कोंडून धरला.

"अहो, आहात ना?"

तो दचकला. पातं आडवं सरकलं.

दुखलं नाही. नुसतं गार लागलं. मग फेसात गुलाबी रेघ आली, मग लाल, मग ती गळ्यावरून खाली उतरायला लागली. जखम बोटाच्या पेराएवढीच होती, पण पातं इतकं धारदार की रक्त थांबेना. दार उघडल्यावर बायकोनं एकच किंकाळी फोडली. नंतर तिनंच तुरटी दाबून धरली, तिनंच पट्टी चिकटवली, आणि वस्तरा धुऊन, पुसून, त्याच्याकडे न बघता कुठंतरी नेऊन ठेवला.

कारखान्यात सुपरवायझरनं पट्टी बघितली. "मास्क लाव. नळी तळहातानं बंद कर. आत ओढ."

फुंकरनं श्वास ओढला. मास्क चेहऱ्याला चिकटायला हवा होता, तो पट्टीच्या कडेनं फुस्स करून सुटला.

"तू दोरावर थांब," सुपरवायझर म्हणाला. "लंब्या, तू उतर."

लंब्या म्हणजे दुसऱ्या पाळीतला, उंच आणि हसतमुख गडी. त्याची दाढी कालची होती. फुंकरला ती दिसली. हनुवटीखाली करडी सावली होती. तो म्हणाला, "साहेब, ह्याची पण चाचणी घ्या की."

"घेतलीय रे," लंब्याच म्हणाला. "तू आपला फुंकत बस." सुपरवायझरला टाकी बारापर्यंत हवी होती. त्यानं हात हलवला. लंब्या शिडीवरून खाली गेला.

दोराची खूण ठरलेली असते. वरच्यानं एक झटका द्यायचा, खालच्यानं एक परत द्यायचा, म्हणजे सगळं ठीक. फुंकर बाकीच्यांच्या दुप्पट वेळा झटके द्यायचा, म्हणून लोक वैतागायचे. त्या दिवशी पहिल्या पाच झटक्यांना उत्तर आलं. सहाव्याला उशिरा आलं. सातव्याला दोर नुसता जड लागला.

फुंकर ओरडला नाही. ते नंतर सगळ्यांनी सांगितलं, की तो ओरडला नाही, त्यानं नुसतं दोराच्या चरखीचं हँडल धरलं आणि फिरवायला लागला, आणि तोंडानं शिट्टी वाजवत राहिला, दुसरी माणसं धावून येईपर्यंत. लंब्या वर आला तेव्हा त्याची मान एका बाजूला पडली होती, चेहरा राखेसारखा आणि मास्क जबड्यावर तिरका. मोकळ्या हवेत आडवा केला. पहिली उलटी झाली तेव्हा सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. गाडी आली, घेऊन गेली.

दोन दिवसांनी लंब्या हॉस्पिटलच्या खाटेवर बसून बिस्किट खात होता. फुंकर पायथ्याशी उभा.

"माझ्या जागी गेलास तू," फुंकर म्हणाला.

"तुझ्या जागी नाही, साहेबांच्या घाईनं गेलो. आणि माझ्या आळसानं." लंब्यानं बिस्किट पुढं केलं. "घे. फुंकून खा."

वरच्या साहेबांनी सुपरवायझरची सगळ्यांसमोर बिनपाण्यानं हजामत केली. त्यानंतर सुपरवायझर फुंकरपाशी आला आणि बुटांकडे बघत म्हणाला, "दोन आठवड्यांनी मोठी टाकी उघडायचीय. तुझा चेहरा तोपर्यंत नीट झाला तर तू. नाहीतर तुला डबे भरायच्या विभागात टाकतो. पगार तोच, काम बसून. विचार कर."

घरी हे सांगितल्यावर बायकोचा चेहरा उजळला. "मग बरंच झालं की! देवानं दिलंय तर घ्या. बसून काम."

फुंकरला हो म्हणायला काय हरकत होती? आयुष्यभर भ्यायलेल्या माणसाला आणखी काय हवं? पण त्या रात्री जेवताना त्याचा घास हातातच राहिला. मी नाही उतरलो तर कोण उतरणार? आणि त्याच्या दोरावर कोण? तो झटका देईल का सातव्यांदा? हे प्रश्न एकदा डोक्यात शिरले आणि कुलपासारखे पुन्हा पुन्हा ओढून बघण्यातच त्याचे दोन दिवस गेले.

तिसऱ्या दिवशी तो काकांच्या घरी गेला. दुकानामागच्याच खोलीत काका पलंगावर बसले होते, एका डोळ्यावर प्लास्टिकची टोपी लावून. वस्तऱ्याचं सगळं ऐकून घेतलं. रागावले नाहीत, "सांगितलं होतं ना" असंही म्हणाले नाहीत. म्हणाले, "इकडे ये. दाढी किती दिवसांची आहे?"

"दोन."

"चांगलं. बस."

त्यांनी त्याच्या चेहऱ्यावर बोटं ठेवली आणि आंधळा माणूस ओळख पटवतो तशी सावकाश फिरवली. गालावरून खाली. हनुवटीच्या खोबणीतून. जबड्याच्या हाडाखाली गेली आणि थांबली. बोटं एका बाजूनं फिरवली, मग दुसऱ्या. "इथं कसा हात मारलास तू?"

"वरून खाली. डॉक्टर म्हणाले होते, केसांच्या दिशेनं."

"अरे, पण इथं तुझे केस खाली वाढतच नाहीत. कानाकडे आडवे जातात. आणि गळ्याच्या ह्या बाजूला खालून वर. माझ्या बोटांना माहीत होतं म्हणून मी सांगायचं विसरलो. चूक माझी आहे." त्यांनी त्याचाच हात धरून त्याच्याच गळ्यावर फिरवला. एका दिशेला मऊ, उलट दिशेला काटेरी. सेहेचाळीस वर्षं हा चेहरा वागवत होता तो, आणि त्याचा चढउतार त्याला आज कळत होता.

"आणि आणखी एक," काका म्हणाले. "श्वास रोखून धरतोस का?"

फुंकरनं मान हलवली. टाकीत मास्क चढवताना, काढताना, नळी बदलताना श्वास रोखायचा. ती सवय हाडात गेली होती. भीती वाटली की पहिला श्वास बंद.

"श्वास रोखला की खांदा आखडतो. खांदा आखडला की हात. टाकीतली ती सवय टाकीत ठेव. बाथरूममध्ये कुठली आलीय वाफ? पातं टेकवण्याआधी श्वास घे आणि ओढताना सोड."

घरी येऊन त्यानं बायकोला विचारलं, वस्तरा कुठं ठेवलाय.

"नाही सांगणार."

"मी शोधला नाही, विचारतोय."

तिनं हातातला तांब्या खाली ठेवला. मग म्हणाली, "मला बाहेर उभं राहवत नाही हो. आतून आवाज आला नाही की माझ्या छातीत धस्स होतं. म्हणून मी हाक मारते. आणि माझ्याच हाकेनं कापलं तुम्हाला." आणि तिचे डोळे भरून आले. आठवडाभर हे तिच्या मनात होतं आणि त्याला पत्ता नव्हता. घरात भित्रा आपण एकटेच, असं तो समजत होता.

"मग बाहेर उभी राहू नकोस," तो म्हणाला. "आत ये."

वस्तरा तिच्या शिवणाच्या डब्यात, दोऱ्यांच्या रिळांखाली निघाला.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती बादली पालथी घालून बाथरूमच्या कोपऱ्यात बसली, आरशात तिला तो आणि त्याला ती दिसेल अशी. त्यानं टॉवेल गरम करून चेहऱ्यावर ठेवला, मनातले आकडे मोजून झाल्यावर आणखी थोडा वेळ ठेवला. फेस केला. पट्ट्यावर पातं घासलं, पाठीवरून पालटत. तिनं विचारलं, "हा चिरलेला का आहे?" त्यानं सांगितलं. ती हसली आणि एकदम तोंडावर हात ठेवला, की हसल्यानंही कापेल की काय.

"हस," तो म्हणाला. "अजून टेकवलं नाहीये."

पहिला गाल. श्वास घेतला, सोडता सोडता पातं ओढलं. दुसरा. तिनं आपणहून बोलायला सुरुवात केली, हळू आवाजात, ताल न मोडता: वरच्या मजल्यावरचा नळ गळतोय, धाकट्या बहिणीला कोरा कागद पाठवला तरी ती वाचून दाखवेल एवढी बोलघेवडी झालीय, पडद्याचं कापड कमी पडलं. ती बोलत राहिली आणि तो काही उत्तर देत नव्हता. जबड्याखाली आला तेव्हा त्यानं आधी बोटांनी चाचपलं. आडवे, कानाकडे. पातं फिरवलं त्या दिशेला, अंगठ्याएवढ्या छोट्या छोट्या फटकाऱ्यांनी. जुन्या जखमेच्या खपलीला वळसा घातला. तिचा आवाज क्षणभर बारीक झाला, तुटला नाही. गळ्याच्या डाव्या बाजूला खालून वर.

त्यानं थंड पाणी मारलं, तुरटी फिरवली. चुरचुरलं. पण रक्त नव्हतं.

सगळ्याला अर्धा तास लागला होता. काका सात मिनिटांत करायचे.

ठरल्या दिवशी मोठ्या टाकीच्या तोंडाशी फुंकरनं मास्क चढवला, तळहातानं नळी बंद केली आणि श्वास ओढला. रबर चेहऱ्याला असं चिकटलं की गाल आत गेले. सुपरवायझरनं स्वतःच्या बोटांनी कडेभोवती चाचपून पाहिलं, जे त्यानं पूर्वी कधी केलं नव्हतं. दोरावर लंब्या होता, कामावर रुजू होऊन चारच दिवस झालेला, त्या दिवशी तासून गुळगुळीत. "किती वेळानं झटका देऊ?" त्यानं विचारलं.

"तुला वाटेल त्याच्या दुप्पट."

त्या दिवशी टाकीत उतरताना त्याला भीती वाटली नाही, असं नाही. नेहमीएवढीच वाटली. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे वस्तरा उघडताना बोटंही नेहमीसारखीच गार पडली. ती त्यानं गरम पाण्यात धरली. ते त्याच्या दाढीचं पहिलं कलमच होऊन बसलं: टॉवेलाच्या आधी बोटं. बायको महिनाभर बादलीवर बसली. मग एकदा तिला उठायला उशीर झाला आणि त्यानं उठवलं नाही. त्या दिवशी हनुवटीवर बारीकसं खरचटलं, पण ते मोजण्यासारखं नव्हतं.

काकांचे दोन्ही डोळे झाले, पण दुकान त्यांनी उघडलं नाही. खुर्ची सायकलवाल्यानं नेली, गिऱ्हाइकांना बसायला. जाड भिंगांचा चष्मा लावून ते एका रविवारी सकाळी फुंकरच्या घरी आले, खिडकीपाशी त्याला उभं केलं आणि उजेडात त्याचा चेहरा धरून इकडून तिकडून वळवून बघितला.

"डाव्या कानाखाली दोन केस राहिलेत," म्हणाले. "आणि एक सांगू? तू एवढा म्हातारा आहेस हे धूसर डोळ्यांना कधी दिसलंच नव्हतं. हाताला तर तिशीचा लागायचास."

बायको आतून मोठ्यानं हसली. फुंकर आरशापाशी गेला, कानाखाली बोट फिरवलं. दोन केस खरंच राहिले होते. त्यानं गॅसवर पाणी ठेवलं.